वहिनी, वन्सं आणि बिस्मथ

२४ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

हाक वाचून हसलीस ना? घरात तुला अशी कधी हाक मारली नाही, पण इतक्या लांबून लिहिताना वाटलं, नणंदेचा थोडा मान राखावा. आता राखून झाला. पुढे आपलं नेहमीचं अगंतुगं.

पोचून दीड महिना झाला. संस्थेच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू, एक धुराडं आणि सायकली ठेवायची पत्र्याची शेड एवढंच दिसतं. पलंग एका माणसाचा आहे. पहिल्या दिवशी सवयीनं अगदी कडेला झोपले आणि खाली पडता पडता वाचले.

तू निघताना विचारलं होतंस, "तिकडे जाऊन नक्की करणार काय?" तेव्हा बॅगा भरायच्या होत्या, म्हणून "धातू पातळ करणार" एवढं सांगून तुला वाटेला लावलं. आता नीट सांगते.

बिस्मथ नावाचा एक जड, ठिसूळ धातू असतो. हवा काढून घेतलेल्या पोलादी पिंपात आम्ही तो तापवतो. त्याची वाफ वर धरलेल्या अभ्रकाच्या तुकड्यावर जाऊन बसते. किती जाड? केसाचे उभे अडीच हजार पापुद्रे काढलेस तर त्यातला एक, एवढा तो थर. इतका पातळ झाला की बिस्मथ स्वभाव बदलतो, असं गणित सांगतं. कारण आतला इलेक्ट्रॉन हा नुसता कण नसतो, तो लाटही असतो. तू पोहायला शिकवतेस त्या तलावाचंच बघ. लांबरुंद पाण्यात कशीही लाट चालते. दोन भिंती जवळ आणत गेलीस तर त्यांच्यात मापाच्याच लाटा मावतात, आणि त्या आखूड, अंगात जोर असलेल्या. तसंच इथे. इलेक्ट्रॉन दोन बाजूंनी चेपला जातो, त्याची ऊर्जा वर सरकते, आणि जो धातू होता तो अर्धवाहक होतो. म्हणजे वीज हवी तेव्हा वाहू देणारा, नको तेव्हा अडवणारा. हे जमलं तर दुसरं काही न मिसळता, एकाच पदार्थाचा जाड भाग तार म्हणून आणि पातळ भाग बटण म्हणून वापरता येईल.

जमलं तर. अजून इथे कोणाला जमलेलं नाही. आमचे प्रमुख प्रत्येक मोजणीनंतर म्हणतात, "अजून एकदा." त्यांचं नावच मी 'अजूनएकदा' ठेवलंय.

तुझ्या दादाला तीन पत्रं टाकली. उत्तर एकाचंही नाही. निघताना स्टेशनवर तो फक्त "जा" म्हणाला होता. तू शेजारीच उभी होतीस. तुला तो "जा" कसा ऐकू आला? मी तो शब्द इथे रोज उलटासुलटा करून बघते. खरं सांग, रागावलाय का?

तुझी,
वहिनी

———

१० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र तलावावरच्या बाकावर बसून वाचलं. एकटीच हसताना बघून शिकायला आलेले एक आजोबा म्हणाले, "बाई, आधी आम्हाला तरंगायला शिकवा, मग हसा."

तुझं बिस्मथ मला कळलं. दोन्ही बाजूंनी चेपलं की ते सुधारतं, असंच ना? आमच्या शाळेतही हीच पद्धत होती. माझ्यावर तिचा उपयोग झाला नाही.

दादा बरा आहे. पत्राचं म्हणशील, तर त्याला लिहायचा कंटाळा पहिल्यापासून. निबंध मी सांगायचे, तो उतरवायचा, आणि "मुलाची कल्पनाशक्ती चांगली आहे" असा शेरा त्याला मिळायचा. पण तुझी पत्रं तो वाचतो. नुसती वाचत नाही, मला वाचून दाखवतो. हल्ली दुपारीही घरी असतो, त्यामुळे पोस्टमन आला की आधी तोच दाराशी. माझ्या नावाचं हे पाकीटही त्यानंच आधी फोडलं होतं. मी रागावले तर म्हणतो, "वरचं अक्षर ओळखीचं वाटलं."

रागावलेला माणूस असं करतो का, तूच सांग.

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तुझी चौकशी केली. "मॅडम केव्हा येणार?" त्याला म्हटलं, धातू पातळ झाला की. तो म्हणाला, "मग झालंच की." त्याला वाटलं तू वजन कमी करायला गेलीस.

जेवत जा. खिडकीतून काही चांगलं दिसत नसेल तर पडदा लाव.

तुझी,
वन्सं (सही करताना मलाच हसू आलं)

———

६ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

दुपारी घरी का असतो तो? त्याची लिफ्टदुरुस्तीची पाळी सकाळी आठ ते सहा. नोकरी सोडली का? तुझ्या पत्रातलं तेवढंच एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मागच्या रविवारी फोन लावला होता. नंबर मिळायला किती वेळ गेला, आणि बोलायला मिनिटं तीन. मी इतकं काही बोलले. तो "हो", "बरं", "ठीक आहे" एवढंच. मी विचारलं, "पत्र का लिहीत नाहीस?" त्यावर म्हणाला, "ठेवतो." तीन मिनिटं अजून संपलीही नव्हती गं.

काम तर त्याहून अवघड चाललंय. खरा धातू थंड केला की त्यातून वीज जास्त सहज जाते. अर्धवाहकाचं उलटं, थंडीत तो आखडतो. आमचे थर थंड करताना आधी आखडतात, म्हणून आम्ही खूश होतो. आणि आणखी थंड केले की एकदम धातूसारखे वागायला लागतात. ना धड हे, ना धड ते. 'अजूनएकदा' दाढी खाजवतात. प्रत्येक थराला तीन-चार दिवस लागतात. अभ्रकाचा पापुद्रा चिकटपट्टीनं सोलायचा, पिंपातली हवा काढायची, वाट बघायची. आमच्या कामात वाट बघणं हेच मुख्य काम आहे, आणि मला ते घरी कधी जमलं नव्हतं.

काल प्रमुखांनी बोलावलं. मूळ करार एका वर्षाचा. ते म्हणाले, आणखी दोन वर्षं थांबाल का, जानेवारीअखेर सांगा. तीन महिन्यांपूर्वी, नुकती आले होते तेव्हा, मी त्यांना तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. काल म्हटलं, विचार करते.

त्याला विचार. मी थांबले तर त्याला चालेल का? त्याला म्हणावं, "चालेल" म्हण नाहीतर "नाही" म्हण, पण "जा" म्हणू नकोस.

वहिनी

———

२५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नोकरी सोडलेली नाही. कंपनीनं त्याला ऑफिसात बसवलंय, तक्रारींचे फोन घ्यायला. अर्धा दिवस काम. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना तो फोनवर धीर देतो. चांगला देतो म्हणे.

तुझा प्रश्न त्याला विचारला. तो उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ कुंड्यांना पाणी घालत राहिला. कुंड्या तीन आहेत. आत येऊन म्हणाला, "तिला जे योग्य वाटतं ते तिनं करावं."

ते मी तुला जसंच्या तसं लिहिलं. माझं म्हणणं वेगळं आहे. सही करू नको. एवढ्यात तरी नको. कारण विचारू नको.

वन्सं

———

१२ डिसेंबर

वन्सं,

"कारण विचारू नको" असं लिहायचं असेल तर मुळात लिहू नये. मी इथे एकटी असते. माझ्याकडे विचार करायला भरपूर वेळ असतो, आणि पिंपातली हवा जाईपर्यंत तेवढंच करता येतं.

मी सगळे अर्थ लावून पाहिले. रागावलाय म्हणावं, तर पत्रं का वाचतो? माया आहे म्हणावं, तर चार ओळी का लिहीत नाही? ज्याला फोनवर परक्यांना धीर देता येतो त्याला बायकोला दोन शब्द देता येत नाहीत? शेवटी एकच अर्थ उरतो आणि तो मला लिहवत नाही. त्याच्या आयुष्यात दुसरं कोणी आलं असेल तर तू मला तो अपमान नणंदेच्या मौनातून कळवू नकोस. सरळ सांग.

नाहीतर मी सही करून मोकळी होते. इथे निदान कळतं तरी की थर बिघडला तर का बिघडला.

———

२८ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि ठरवलं, आता बास. दादानं मला आईची शपथ घातली होती. आई असती तर तिनंच ती मोडायला लावली असती.

तू गेलीस त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. एका जुन्या इमारतीत लिफ्ट मध्येच थांबली होती. वर गच्चीवरच्या खोलीत यंत्र असतं, तिथे दादा दोर तपासत होता. त्याला वाटलं खालून वीज बंद केली आहे. ती केलेली नव्हती. कोणीतरी खाली बटण दाबलं आणि चाक फिरलं. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. मधलं बोट आहे, पण वाकत नाही. अंगठा आणि पहिलं बोट आहेत, त्यांत जोर नाही. बाकी तो धडधाकट आहे. हे आधी लिहायला हवं होतं. धडधाकट आहे.

इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा मी म्हटलं, "वहिनीला कळवते."

"नाही," म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"ती मिळेल त्या विमानानं येईल."

"यायलाच हवं."

"आली की परत जाणार नाही. मी ओळखतो तिला. बारा वर्षं कॉलेजात मुलांच्या वह्या तपासत तिनं याची वाट बघितली. माझ्या दोन बोटांवर हे सगळं घालवू नको."

मी भांडले. पट्टी बांधलेला हात पुढे करून म्हणाला, "यावर हात ठेव आणि आईची शपथ घे." त्या हाताकडे बघून माझ्यानं नाही म्हणवलं नाही.

लिहायचं तर हाताला पेन धरता येत नव्हतं. मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तर म्हणाला, "अक्षर बघून कळेल तिला." फोनवर बोलत नाही कारण बोलला तर सगळं बाहेर येईल, एवढी त्याला स्वतःची खात्री. त्या रविवारी फोन ठेवल्यावर तो डाव्या हातात रिसीव्हर धरून तसाच उभा होता. मी तो हातातून काढून घेतला.

दुसरं कोणी नाही गं. त्याच्या उशाशी तुझी पत्रं आहेत. घडीवर फाटायला आली आहेत.

आता मला काय म्हणायचं ते म्हण.

वन्सं

———

११ जानेवारी

वन्सं,

तुझं पत्र प्रयोगशाळेत उघडलं. चूक केली. 'अजूनएकदा' काही विचारायला आले होते, माझ्याकडे बघून काही न विचारता परत गेले.

मला तुम्हा दोघांचा इतका राग आलाय की तो कुठे ठेवू कळत नाही. तुम्ही भावंडांनी बसून माझ्या वतीनं ठरवलंत की मला काय सोसेल आणि काय नाही. त्याची बोटं गेली तेव्हा मी इथे नवा चहाचा कप विकत घेत होते. तो ड्रेसिंग करून घेत होता तेव्हा मी त्याला पत्रात टोमणे मारत होते. आणि ती पत्रं त्यानं तुला वाचून दाखवली. टोमण्यांसकट?

आणि तरी, तुला खोटं कशाला सांगू, पहिलं पान संपेपर्यंत मला आधी काय वाटलं माहीत आहे? की तो रागावलेला नव्हता. बोटं गेल्याचं वाचूनही माझं मन आधी तिकडेच धावलं. मग लाज वाटली.

सही केलेली नाही. तिकीटही काढलेलं नाही. मार्चमध्ये अतिशीत मोजणीचं मोठं यंत्र आम्हाला तीन आठवडे मिळणार आहे, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. मी प्रमुखांना सांगितलं, कदाचित जावं लागेल. ते म्हणाले, "जावंसं वाटत असेल तर जा." इथेही तेच. जग मला सारखं "जा" म्हणत असतं.

सोबतच्या पाकिटात त्याच्यासाठी वेगळं पत्र आहे. तू वाचू नको. त्यानंही तुला वाचून दाखवायचं नाही.

तुझ्यावरचा राग आठवडाभरात उतरेल. त्याच्यावरचा उतरायला तोच समोर लागेल.

वहिनी

———

२ फेब्रुवारी

प्रिय,

डाव्या हातानं लिहितोय. दहा दिवस सराव केला. पहिलीच्या मुलाचं अक्षर याहून बरं असतं, हे बहिणीनं सांगून झालंय.

तू विचारलंस, माझा तुझ्यावर विश्वास नव्हता का. होता. माझ्यावर नव्हता. तू दारात उभी दिसली असतीस तर मी तुला परत जाऊ दिलं नसतं. तोंडानं "जा" म्हटलं असतं, पण तुला जाता आलं नसतं असा चेहरा केला असता. मग आयुष्यभर तू माझ्या हाताकडे बघितलं असतंस आणि मी तुझ्याकडे.

स्टेशनवरचा तो "जा" खराच होता. त्याच्या पुढे अजून एक वाक्य होतं. ते म्हणेपर्यंत गाडी हलली. ते वाक्य असं, की मला करमणार नाही. अजून करमत नाही. सकाळी तुझा टॉवेल वाळत नसतो, तो दोरीचा भाग मोकळा दिसतो.

मार्चचं काम टाकून येऊ नकोस. ये म्हणायची फार इच्छा आहे, म्हणून हे लिहायला तीन बैठका लागल्या. मोजणी पूर्ण कर. त्यानंतर कोणी कुठे जायचं ते दोघं मिळून ठरवू. आता मी एकटा ठरवणार नाही.

टोमणे वाचून दाखवले नाहीत. ते माझ्याकडे ठेवलेत.

तुझा,
मी

———

८ एप्रिल

प्रिय वन्सं,

राग उतरला. आठवडा म्हटलं होतं, दोन महिने लागले. त्याला वेगळं लिहिलंच आहे, पण कामाची गोष्ट आधी तुला सांगायची ठरवली होती, कारण दोन्ही बाजूंनी चेपून सुधारायची तुझ्या शाळेची पद्धत बिस्मथला लागू पडली.

झालं. सिद्ध झालं.

गोंधळ असा होता की आम्ही थर म्हणजे एकच वस्तू धरून चाललो होतो. फेब्रुवारीत त्याची पत्रं येऊ लागली, मला झोप लागू लागली, आणि एक दिवस अभ्रक सोलता सोलता सुचलं, की थराला पोट आहे आणि पाठही आहे. समजा आतला भाग खरंच अर्धवाहक झाला असेल, पण वरखालचा पृष्ठभाग धातूच राहिला असेल, तर? खूप थंडीत आतलं गप्प होणार, आणि आपल्याला ऐकू येणार ते फक्त पृष्ठभागाचं. ते दोन वेगळे कसे करायचे? थर कमी-जास्त जाडीचे करायचे. जाडी बदलली की आतल्या भागाचा वाटा बदलतो, पृष्ठभागाचा मात्र तेवढाच राहतो. मग तो सगळ्यांतून वजा करायचा.

मार्चभर आम्ही तेच केलं. एक थर पिंपातून काढताना माझ्या हातून फुटला, त्या दिवशी मी चक्क रडले. वजाबाकी प्रमुखांनी स्वतः कागदावर केली. आतला भाग विजेला किती अडवतो त्याची रेघ थंडीबरोबर चढत गेली, अर्धवाहकाची चढते तशी. पातळ थरात जास्त, जाड थरात कमी, गणित म्हणतं त्याच क्रमानं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणणार, अजून एकदा. ते चष्मा पुसत म्हणाले, "चला, जेवून येऊ." बारा वर्षं मी या क्षणाचं काय काय रंगवलं होतं, आणि प्रत्यक्षात आम्ही उपाहारगृहात बटाट्याचं सार प्यालो. ते जगातलं सगळ्यात चविष्ट सार होतं, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

यापासून लगेच काही यंत्र बनणार नाही. पृष्ठभागाला गप्प कसं करायचं हा पुढचा प्रश्न आहे. जानेवारीची मुदत टळून गेली तरी त्यासाठी ते मला ठेवून घ्यायला तयार आहेत. मी दोन नाही, एकच वर्ष वाढवून घेतलंय, आणि तेही तुझ्या दादाला विचारून. तो इथे येतोय. कंपनीनं वर्षाची रजा दिली. इथे त्याला काम मिळेलच असं नाही. तो म्हणतो, "वर्षभर शहरातल्या लिफ्टमधून वरखाली करेन आणि चुका काढेन."

तूही ये. खरंच म्हणते. खोली बदलून मोठी घेऊ.

वहिनी

———

२१ जून

प्रिय वहिनी,

दादा पोचला असेल. विमानतळावर तो डाव्या हातानं बॅग ओढत गेला आणि वळून उजवा हात हलवला. इतके महिने तो हात खिशात असायचा. मी बघत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी तीन वेळा म्हणाला, "तुझं काय?" मी म्हटलं, माझं काय म्हणजे? मी चाळीस वर्षांची आहे, मला पोहता येतं. तर हसला. त्याला शर्टाची बटणं स्वतः लावू दे, वेळ लागला तरी मदत करू नको. आणि मदत कर, पण त्याला कळू देऊ नको. तुला जमेल, तू लपलेलं शोधून काढण्यात हुशार निघालीस.

मला यायला सांगितलंस, बरं वाटलं. पण इथला वर्ग भरलाय, आणि तुम्ही दोघांनी एकमेकांकडे नीट बघून वर्ष होत आलंय. तिथे मी मध्ये बसून काय करू? नंतर बघू.

घर बरं आहे. शांत आहे. तुम्ही दोघं असताना मला या घरात जागा कमी पडते असं मी किती वेळा म्हटलं असेन. आता भरपूर आहे. रेडिओ दोन खोल्यांत फिरवते.

आज एक झालं, तेवढं सांगते आणि थांबते. माझ्या वर्गात एक बासष्ट वर्षांच्या बाई येतात. नवरा गेल्यावर पोहणं शिकायचं डोक्यात घेतलं. तीन महिने झाले, तलावाची कड काही सोडत नव्हत्या. बोटं पांढरी पडेपर्यंत धरून ठेवायच्या. आज मी पलीकडे उभी होते. त्यांनी आपण होऊन एक हात सोडला, मग दुसरा, आणि पाण्यावर आल्या. चार हात अंतर असेल. माझ्यापाशी पोचल्या आणि माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "घरी गेले की हे सांगायला कोणीतरी हवं होतं."

मी म्हटलं, "मला सांगा की."

"तुम्ही तर बघितलंतच," त्या म्हणाल्या.

घरी आले, कुलूप काढलं. मलाही कोणाला तरी सांगायचं होतं. म्हणून चहा ठेवायच्या आधी तुम्हा दोघांना हे लिहायला बसले.

तुमची,
वन्सं